शिशाची गोळी, पितळी काडतूस आणि माळ्यावरची अवजारं

मार्च २०२५ मध्ये आपला निंबोला-असीरगड परिसर देशभरच्या बातम्यांत झळकला. ‘छावा’ चित्रपट पाहून असीरगडाजवळच्या शेतांत मोगलांचं सोनं पुरलंय अशी आवई उठली, आणि लोक रात्री टॉर्च, कुदळी, मेटल डिटेक्टर घेऊन खणायला लागले. पण डिटेक्टर सोन्याला वाजतो तसाच शिशालाही वाजतो. अशा वेळी मातीतून एखादी जड, पांढुरकी पडलेली गोटी हाती आली, तर सोन्याच्या नादातला माणूस ती बांधापलीकडे भिरकावणार, यात शंका नाही.

ती गोटी म्हणजे बंदुकीची गोळी. आणि ती कुठल्या कारखान्यात झालेली नसून बहुधा कुणीतरी चुलीजवळ बसून हातानं ओतलेली असते. या टिपणाचा विषय ती ओतण्याची, मोजण्याची, भरण्याची हत्यारं हा आहे. तलवारी-तोफा सगळे जपतात. ही लहान अवजारं मात्र अटाल्यात, म्हणजे भंगारात, किलोच्या भावानं जातात, कारण ती कशाची आहेत हेच घरच्यांना ओळखू येत नाही.

असीरगडाभोवती अशा गोळ्यांचा खच पडायला कारणंही भरपूर. जानेवारी १६०१ मध्ये अकबरानं लांबलेल्या वेढ्यानंतर गड फारुकींकडून घेतला. १८०३ च्या ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सननं तो शिंद्यांकडून घेतला. मग १८१९ मध्ये डव्हटन आणि माल्कम यांच्या फौजांनी पुन्हा वेढा घातला. किल्लेदार जसवंतराव लाड यांनी ९ एप्रिल १८१९ रोजी गड सोडला. या तिन्ही वेळच्या बहुतेक बंदुका ठासणीच्या. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, आणि वरून गजानं ठासायचं. आपण ‘ठासून सांगतो’, गाडी ‘ठासून भरतो’, एखाद्याचा बार ‘फुसका’ निघतो. ही सगळी भाषा त्या नळीच्या शेजारचीच.

आता हत्यारं. पहिलं म्हणजे गोळीचा साचा. दिसायला थेट अडकित्त्यासारखा किंवा सांडशीसारखा. दोन दांड्या, पुढे दोन जबडे, प्रत्येक जबड्यात अर्ध्या गोलाचा खळगा आणि वर एक बारीक भोक. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, म्हणजे घरच्या चुलीवरही. पळीनं ते भोकातून ओतायचं, जबडे उघडले की गोळी बाहेर. भोकात अडकलेलं शेपूट कापून टाकायचं. म्हणूनच हातओतीची गोळी ओळखायला दोन खुणा असतात: कमरेभोवती जबड्यांच्या सांध्याची बारीक रेघ, आणि एका बाजूला शेपूट कापल्याची चपटी जागा. गोळी पूर्ण गोल असेल तर ती बहुधा उडालेलीच नाही, कुणाच्या तरी पिशवीतून सांडली. चेपलेली असेल तर दगडाला, भिंतीला किंवा आणखी कशाला तरी लागली. शेतकरी बंधूंनो, ती नेमकी कुठं सापडली हे टिपलंत, तर कोण कुठून झाडत होतं याचा अंदाज बांधता येतो. खिशात घालून घरी आणलेली गोळी यातलं काहीच सांगत नाही.

साच्यावर कधी कधी एक आकडा ठोकलेला असतो: १२, १६, २०. हा आकडा पाहून पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण आकडा मोठा तशी गोळी लहान. त्यामागचा हिशेब फार सुरेख आहे. एक पौंड शिशातून सारख्या १२ गोळ्या पडल्या तर ती १२ बोअरची गोळी, १६ पडल्या तर १६ बोअरची. पौंड सुमारे ४५४ ग्रॅमचा, म्हणून १२ बोअरची गोळी साधारण ३८ ग्रॅम आणि १८.५ मिलिमीटर जाडीची. १६ बोअरची २८ ग्रॅम. आजही ‘बारा बोअर’ म्हणतात त्यात हा पौंडाचा हिशेब जिवंत आहे, जरी त्या नळीतून आता गोळीऐवजी छर्रेच जास्त उडतात. घरातला तराजू घेऊन गोळी तोलून पाहा. वयाबद्दल नाही, पण बंदुकीबद्दल बरंच कळेल. मात्र एक ध्यानात ठेवा, गोळी नळीपेक्षा जराशी लहानच ठेवत, नाहीतर काजळीनं भरलेल्या नळीत ती उतरेना.

दारूसाठी शिंग किंवा तांब्या-पितळेचं चपटं बारूददान. रंजकीसाठी, म्हणजे कानावर टाकायच्या बारीक दारूसाठी, दुसरं छोटं भांडं. शिंगाला आत तेलकट वास नसेल आणि तोंडाला स्प्रिंगचं झाकण असेल तर ते तेलाचं नव्हे, दारूचं. विलायती बारूददानांवर शेफील्डच्या ‘जेम्स डिक्सन अँड सन्स’ किंवा ‘हॉक्सली’ अशी नावं उमटवलेली असतात. एकोणिसाव्या शतकात या मालाची मोठी विक्री होती.

मग आलं काडतूस. शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आपल्याकडे आला. सुरुवातीला काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत मोजलेली दारू आणि गोळी. पुडी दातानं फाडायची, म्हणून १८५७ च्या चरबीच्या वादात दात इतके महत्त्वाचे ठरले. पुडीचा फायदा एवढाच की मोजणं आधीच झालेलं असे. माप चुकणं हेच हातभरणीतलं सगळ्यात मोठं संकट होतं. घाईत दोनदा दारू ओतली की नळी फाटायची, आणि समोरच्याऐवजी बंदूकवाल्याचाच हात जायचा.

पाठीमागून भरायची बंदूक आली तशी पितळी नळकांडी आली. इथून पुढची हत्यारं आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातली, आणि माळ्यावर सापडण्याची शक्यता याच हत्यारांची जास्त. पितळी काडतूस पुन्हा पुन्हा भरता यायचं हेच त्याचं आकर्षण. तालुक्याच्या गावीही दुकान नाही, डुकरं तर रोज शेतात. मग रिकामं नळकांडं फेकणार कोण? बार उडाला की गरम पाण्यानं धुवायचं, कारण काळ्या दारूची राख पितळ खाते. त्यानंतर एका हत्यारानं बुडातली जळकी टोपी काढायची आणि त्याच हत्याराच्या दुसऱ्या बाजूनं नवी दाबून बसवायची. हे हत्यारही अडकित्त्यासारखंच दिसतं, पण जबड्यात खळग्याऐवजी एक टोकदार खिळा आणि एक चपटी बैठक असते. पुढे लाकडी मुठीचा पितळी माप-कप. त्यावर दोन प्रकारच्या खुणा: दारूसाठी ड्रॅम, छर्‍यांसाठी औंस. दारूवर पुठ्ठ्याचा किंवा नमद्याचा डाट, मग छर्रे, वर पातळ डाट, आणि तो हलू नये म्हणून मेण.

कागदी काडतुसांना मेण नको, कड आत वळवायची. त्यासाठीचं यंत्र बघितलंत तर तुम्ही हमखास शेवयांचं समजाल. टेबलाच्या कडेला खालून स्क्रूनं आवळायचं, बाजूला फिरवायची मूठ. फरक इतकाच की शेवयांच्या यंत्राला वर पीठ घालायला तोंड असतं, याला आडवी खोबण असते, बरोबर एक काडतूस मावेल अशी.

कारखाना मात्र याच काळात उभा राहत होता. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आपल्याला जवळचा म्हणजे भुसावळशेजारचा वरणगावचा आयुध कारखाना, १९६४ चा. तिथं लहान हत्यारांची काडतुसंच बनतात. तयार, एकसारखी काडतुसं मिळू लागली, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली, आणि माप-कप, टोपीचं हत्यार, वळवणीचं यंत्र सगळं माळ्यावर गेलं. ठासणीची बंदूक तेवढी टिकून आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी सोयच आहे.

हाच कायदा वाचकांनी नीट समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण भावनेच्या भरात चूक होऊ शकते. कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही त्यात येतात. जुनाट, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला सूट आहे. पण तुमच्याकडची वस्तू त्या सुटीत बसते की नाही हे तुम्ही स्वतः ठरवू नये. ‘अँटिक’ म्हणून ऑनलाइन विकायला काढण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत विचारून घ्यावं. आणि हौस म्हणून भरून बघणं तर मुळीच नको. परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट जिवाची. पेटीत हत्यारांबरोबर डबीभर टोप्या किंवा दोन-चार भरलेली काडतुसं असू शकतात. जुन्या टोप्यांत पाऱ्याचा स्फोटक क्षार असतो. धक्का, घासणं, ऊन यांनी तो उडतो. त्या चिमट्यानं टोचू नका, पितांबरी लावून चमकवू नका, चुलीत तर टाकूच नका. पेटी जिथं आहे तिथंच ठेवून पोलीस ठाण्याला कळवा. बंदूक सापडली तर ती रिकामीच आहे असं धरून चालू नका. ठासणीच्या नळीत पन्नास वर्षांपूर्वीचा बार तसाच असू शकतो. तो आहे का हे बघण्यासाठी लोक नळीत डोकावतात, म्हणून हे लिहितोय.

बाकी रिकामा साचा, शिंग, माप-कप यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढावेत. त्यावरचा आकडा, कारखान्याचं नाव, वजन, आणि घरात ती वस्तू कुणी, कोणत्या शेतावर, कशासाठी वापरली हे वडीलधाऱ्यांना विचारून त्याच कागदावर लिहावं. त्यांनी त्या वस्तूला कोणता शब्द वापरला तोही लिहावा, मराठी असो, निमाडी असो की हिंदी.