सियाचीनवरचे पहिले पाऊल

श्रोतेहो, एप्रिलच्या मध्यावर आपल्या बडोद्यात भर दुपारी रस्ते ओस पडतात आणि माठातले पाणी अमृताहून गोड लागते. अशाच दिवसांत, १३ एप्रिल १९८४ रोजी, भारतीय सैन्याची एक लहानशी तुकडी सियाचीन हिमनदीलगतच्या बिलाफोंड ला या खिंडीपाशी बर्फात उतरली. खिंडीची उंची जवळजवळ १८,००० फूट. तुकडीचे नायक होते कॅप्टन संजय कुलकर्णी आणि सेनाप्रमुखपदी होते आपल्या अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य. मोहिमेचे नाव होते ‘मेघदूत’. कालिदासाच्या यक्षाचा मेघ रामगिरीहून, म्हणजे परंपरेनुसार आपल्या रामटेकहून, हिमालयाकडे निघाला होता. हे दूत मात्र तेथे ठाण मांडण्यासाठी गेले होते.

वादाचे मूळ एका अपुऱ्या वाक्यात आहे. १९४९ च्या कराची करारात युद्धविरामाची रेषा एका ठरावीक बिंदूपर्यंतच आखली गेली. पुढे ती ‘उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत’ जाते, एवढेच लिहून ठेवण्यात आले. तिकडे माणूस कशाला जाईल, असा समज असावा. परंतु सत्तरीच्या दशकात पाकिस्तानच्या परवानगीने परदेशी गिर्यारोहक तेथे जाऊ लागले. १९७८ मध्ये कर्नल नरेंद्रकुमार यांनी भारतीय पथक नेऊन त्या भागाची पाहणी केली. पुढे दोन्ही बाजूंची तयारी सुरू झाली आणि प्रश्न उरला तो एवढाच, की माथ्यावर आधी कोण पोहोचतो?

आता खरी अडचण समजून घेऊ. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. दहा पावले चालताच धाप लागते. भूक मरते, झोप उडते. काहींच्या फुप्फुसांत पाणी साचते आणि धडधाकट जवान थोड्याच काळात दगावू शकतो. रुग्णाला त्वरित खाली उतरविणे, हाच त्यावरचा भरवशाचा इलाज. पण ज्या विरळ हवेत माणसाचा श्वास अडतो, तिच्यातच हेलिकॉप्टरची उचलण्याची शक्तीही घटते. म्हणून त्या दिवशी ‘चीता’ हेलिकॉप्टरांना एका खेपेत जेमतेम दोन जवान नेता येत होते आणि तुकडी पोहोचविण्यास अनेक खेपा कराव्या लागल्या. त्यानंतर हिमवादळ आले आणि ही माणसे जगापासून तुटली. शत्रूची एकही गोळी सुटण्यापूर्वीच थंडीने अनेकांच्या हातापायांना हिमदंश केला.

तरीही मोहीम फसली नाही, कारण ती आधी तयारीने जिंकलेली होती. मार्च महिन्यात कुमाऊँ रेजिमेंटच्या जवानांनी बर्फाने भरलेली झोजी ला खिंड पायी ओलांडली. शत्रूच्या टेहळणीस सुगावा लागू नये, हा एक हेतू. आणि पायी चढत गेल्याने शरीर हळूहळू विरळ हवेस सरावले, हा दुसरा लाभ. १७ एप्रिलला सिया ला खिंडही ताब्यात आली. पाकिस्तानी सैन्य येऊन पाहते, तो साल्तोरो पर्वतरांगेच्या प्रमुख खिंडींत भारतीय पहारा उभा होता.

माथे मिळविण्यास थोडे दिवस पुरले. ते राखण्यास मात्र प्रत्येक दिवस द्यावा लागतो. नोव्हेंबर २००३ पासून तेथे शस्त्रसंधी आहे, परंतु हिमालयाने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. एप्रिल २०१२ मध्ये गयारी येथील पाकिस्तानी तळावर हिमकडा कोसळून १४० माणसे गाडली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या सोनम चौकीवर तीच आपत्ती आली आणि मद्रास रेजिमेंटचे १० जवान गेले. या रणांगणावर गोळीपेक्षा थंडीने, उंचीने आणि कोसळत्या बर्फानेच अधिक बळी घेतले आहेत.

श्रोतेहो, वीर म्हटला की धावून जाणारा योद्धा आपल्या डोळ्यांपुढे येतो. सियाचीनचा वीर बहुधा स्थिर उभा असतो. स्टोव्हवर बर्फ वितळवून तो पाणी करतो, सोबत्याची सुन्न बोटे चोळीत न बसता उबेत धरतो आणि रात्र मोजतो. उद्या दुपारी माठातले गार पाणी ओठांना लावाल, तेव्हा क्षणभर त्या पहाऱ्याचे स्मरण असू द्यावे.