जुनी मोटार विकतांना

जुनी वस्तु विकण्याचा प्रसंग आपल्या घरांतून फारसा येत नाहीं. भांडीं मोडींत जातात, कपडे गरजूंस दिले जातात आणि पुस्तकें भाचेपुतण्यांच्या वांट्यास येतात. मोटार मात्र विकावीच लागते. आणि ती व्यापाऱ्याच्या हवालीं न करतां स्वतः विकूं म्हटलें म्हणजे विकणाराच्या चातुर्याची नव्हे, तर सचोटीची परीक्षा होते. गेल्या वर्षीं अशी परीक्षा आमच्या घरीं झाली. तींत मी प्रथम अनुत्तीर्ण झालों. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांस गुण देत आलेल्या माणसानें आपलेही गुण उघड करावे हें न्यायाचेंच आहे; म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

मोटार माझ्या धाकट्या बंधूंची. 'सॅन स्टॉर्म' या नांवाची, गोव्यांत तयार झालेली, ठेंगणी, दोनच आसनांची. इंजिन फ्रान्समधील रेनॉ कंपनीचें, ११४९ सीसीचें. अशा गाड्या थोड्याच निघाल्या आणि त्यांचें उत्पादनही आतां बंद पडलें आहे. आमच्या एकत्र कुटुंबास दोन आसनांची मोटार काय कामाची, असें मातोश्री आरंभीं म्हणत; पण पुढें त्याच दर चतुर्थीस तींत बसून देवदर्शनास जाऊं लागल्या. बंधूंनीं वीस वर्षें तिची निगा राखली. तेल केव्हां बदललें, टायर कोणत्या दिवशीं घातले, बॅटरी किती टिकली, हें सारें त्यांनीं एका वहींत पावत्यांसह नोंदून ठेविलें. आतां त्यांचे गुडघे दुखतात. त्या गाडींत बसावयाचें म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणें, आणि उतरावयाचें म्हणजे कोणीतरी हात धरून वर ओढणें. म्हणून विकण्याचें ठरलें.

जाहिरात काकांनीं लिहावी, असें पुतण्याचें म्हणणें पडलें. मीं लिहिली. एकाच मालकाची, वेळच्या वेळीं देखभाल झालेली, अंगाला कोठेंही गंज नसलेली, सदैव छपराखालीं उभी राहिलेली. एकही शब्द खोटा नव्हता. परंतु एक गोष्ट मीं गाळली होती. नऊ वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं ही गाडी पुढच्या ट्रकवर आदळली होती. डाव्या बाजूचें पुढचें अंग फुटलें आणि आंतील पोलादी सांगाडाही किंचित् वांकला. दुरुस्ती दोन्हींची उत्तम झाली.

येथें थोडा तांत्रिक खुलासा अवश्य आहे. नेहमींच्या मोटारीचें अंग पोलादी पत्र्याचें असतें. अपघातांत पत्रा चेमटला म्हणजे कारागीर तेथें लांबी भरतो व वरून रंग देतो. जाणतें गिऱ्हाईक अंगावरून चुंबक फिरवून पाहतें. लांबी जाड असेल तेथें चुंबक धरत नाहीं आणि बिंग फुटतें. या गाडीचें अंग फायबरचें. त्यावर चुंबक कोठेंच धरत नाहीं. म्हणजे बाहेरून पाहणारास अपघाताचा मागमूस लागणें कठीण. तो ठाऊक असलेलीं माणसें काय तीं आमच्या घरांतलींच!

पुतण्या म्हणाला, "काका, कोणीं विचारलें तर सांगूं. न विचारतां कशाला?" मलाही तें पटलें. धर्मराजाचें 'नरो वा कुंजरो वा' मीं इतकीं वर्षें वर्गांत शिकविलें, आणि स्वतःवर वेळ येतांच तेंच कामास घेतलें.

बंधूंनीं मसुदा वाचला. "अण्णा," ते म्हणाले, "फायबरला गंज चढतच नाहीं, मग तो आपल्या गाडीचा गुण कसा? आणि घाटांतली गोष्ट कोठें आहे?"

"ती लिहिली तर किंमत उतरेल," मी म्हणालों.

"उतरूं द्या. त्या सांगाड्याच्या भरंवशावर कोणाचा तरी मुलगा भरधांव जाणार आहे."

यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

त्या रात्रीं मीं स्मृतिग्रंथ काढले. 'क्रयविक्रयानुशय', म्हणजे घेतल्याविकल्यानंतर होणारा पश्चात्ताप, हें मनूनें अठरा व्यवहारपदांत गणलेलें एक पद असून, त्यासाठीं १० दिवसांची मुदत सांगितली आहे. याज्ञवल्क्यानें वस्तुपरत्वें परीक्षेचा काळ वेगळा ठरविला : बियाण्यास १० दिवस, रत्नास ७, ओझ्याच्या जनावरास ५, दुभत्यास ३ आणि लोखंडास १. निर्दोष म्हणून दाखवून सदोष माल देणारास नारदानें दुप्पट किंमत आणि वर तेवढाच दंड सांगितला आहे. आजचा कायदा याहून सौम्य आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यान्वयें माल पारखून घेण्याचा भार सामान्यतः घेणारावर असतो. तरी फसविण्याच्या हेतूनें दोष झांकणें हें १८७२ च्या कराराच्या कायद्यानेंही कपटच ठरतें. कायद्याच्या एखाद्या फटींतून आम्ही निसटलोंही असतों; परंतु बंधूंच्या त्या एका वाक्यांतून सुटका नव्हती.

जाहिरात पुन्हां लिहिली. अपघात दुसऱ्याच ओळींत आला. पहिला गृहस्थ तीच ओळ धरून निम्म्या किंमतींत गाडी मागूं लागला. दुसरा पाहून गेला तो फिरकलाच नाहीं. पुतण्या माझ्याकडे पाहून हंसे. तिसरा आला तो आमच्याच शहरांतील एक तरुण अभियंता. त्यानें गाडीच्या आधीं वही वाचली. बंधूंनीं त्याचा परवाना पाहिला, विमा चालू असल्याची खात्री केली, स्वतः शेजारीं बसले आणि मगच त्यास गाडी चालवूं दिली. हा क्रम वाचकांनींही पाळावा. नंतर मीं शंका काढली कीं, मोटार ही जनावराच्या जागीं धरावी कीं लोखंडाच्या? ५ दिवस द्यावे कीं १? लोखंड ठरलें. एक दिवस गाडी त्याच्या पसंतीच्या कारागिराकडे राहिली. कारागिरानें ती वर उचलून सांगाड्याचीं मापें घेतलीं आणि सांधा पक्का असल्याचें सांगितलें. आमच्या मनांतील किंमतीहून ४०,००० रुपये कमी घेऊन सौदा झाला.

पैसे हातीं आले म्हणजे विक्री संपली, असें पुष्कळांस वाटतें. ही मोठी चूक होय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें, गाडी त्याच राज्यांत राहणार असेल तर विकणारानें १४ दिवसांच्या आंत हस्तांतर कळवावयाचें असतें. त्यासाठीं २९ क्रमांकाचा नमुना आहे. नव्या मालकाच्या नांवावर नोंदणी करण्याच्या अर्जाचा नमुना ३० क्रमांकाचा. हें न केल्यास काय होतें तें सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालावरून दिसतें. त्या प्रकरणांतील मोटार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नांवें राहिली. पुढें अपघातांत एक जीव गेला, आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर आली. गाडी विकून वर्षें लोटलीं तरी कागद त्यास सोडीत नव्हता!

आणखी तीन गोष्टी थोडक्यांत. गाडीवर पूर्वीं कर्ज असेल तर तें फिटल्यावरही नोंदणीवरील बोजा ३५ क्रमांकाच्या नमुन्यानें उतरवून घ्यावा लागतो. दावा न केल्याबद्दल विम्यांत मिळणारी सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे. तिचा दाखला विकणारानें कंपनीकडून घेऊन ठेवावा. आणि २ लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीनें घेण्यास २०१७ पासून मनाई आहे. पैसे बँकेमार्फतच घ्यावे. गाडी ताब्यांत देतांना तारीख व वेळ घालून उभयतांच्या सहीची पावतीही करावी.

नोंदणी नव्या नांवावर चढल्याचें डोळ्यांनीं पाहिलें, तेव्हांच बंधू निश्चिंत झाले. गाडी नेण्याच्या दिवशीं मातोश्रींनीं तिला हळदकुंकू लाविलें. बंधूंनीं किल्ल्यांबरोबर वहीही त्या तरुणाच्या हातीं दिली आणि म्हटलें, "अपघाताच्या पानावर खूण घातली आहे."

तो म्हणाला, "काका, तें पान वाचलें म्हणूनच बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसला."

पुतण्या जवळच उभा होता. तो या वेळीं हंसला नाहीं. माझा पहिला मसुदा मीं अजून जपून ठेविला आहे. त्यावर लाल शाईनें शून्य गुण लिहिले आहेत.