स्थितिपट्टीवरील आकडा केव्हाचा?

भाषिक सामग्रीची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकाचे बरेचसे काम आज टेक्स्ट एडिटरमध्ये चालते. खिडकीच्या तळाशी जी ओळ फाइलचे नाव, ओळक्रमांक आणि क्वचित शब्दसंख्या दाखवीत असते, तिला व्यवहारात स्टेटस बार म्हणतात. येथे तिला आपण स्थितिपट्टी म्हणू. तिच्यावरचा आकडा ह्याच क्षणीचा आहे असे आपण न विचारता गृहीत धरतो. परंतु ही पट्टी केव्हा बदलते आणि कोणाच्या आज्ञेने बदलते, हे जाणल्यावाचून त्या गृहीतकावर विसंबणे धोक्याचे आहे.

एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात असा प्रसंग प्रत्यक्ष उद्भवला. सामग्रीतील नको असलेला भाग तिने गाळला व पट्टीवरील शब्दसंख्या टिपून घेतली; तो आकडा मात्र गाळण्यापूर्वीचा होता. ह्याचा परिणाम केवढा होतो पाहा. समजा, एखादे अव्यय ८४ वेळा आले आहे. एकूण शब्द ४२,००० धरले तर त्याची वारंवारता हजारी २ येते, आणि खरे शब्द २८,००० असतील तर ती हजारी ३ ठरते. मोजणारा यंत्रभाग अचूक होता. चुकली ती वेळ.

ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला विम हा एडिटर उदाहरणादाखल घेऊ. त्यात पट्टीचा मजकूर ‘स्टेटसलाइन’ नावाच्या पर्यायाने ठरतो. त्यात एखादी राशी मोजणारे सूत्र घातले, तर पट्टी जितक्या वेळा नव्याने रेखाटली जाईल तितक्या वेळा ते सूत्र चालते; आणि कर्सर हलला तरी पट्टी रेखाटली जाते. संपूर्ण फाइलची शब्दगणना अशा सूत्रात ठेवणे म्हणजे प्रत्येक कळीगणिक सारा ग्रंथ पुन्हा मोजणे होय. लहान फाइलीत हे जाणवत नाही. मोठ्या सामग्रीत मात्र अक्षरे बोटांच्या मागे रेंगाळू लागतात.

तेव्हा गणना आणि दर्शन ही दोन कामे वेगळी करणे प्राप्त होते. गणना निवडक प्रसंगीच करावी, फलित एका चलात ठेवावे, आणि पट्टीने तो चल वाचावा, एवढेच. मात्र चलाचे मूल्य बदलले म्हणजे पट्टी आपोआप बदलतेच असे नाही. ती तत्काळ बदलावयाची तर ‘रीड्रॉस्टेटस’ ही आज्ञा द्यावी लागते. शिवाय तो चल त्या त्या फाइलीपुरता असावा. सर्वांना मिळून एकच ठेवला, तर दोन खिडक्या उघडल्यावर एकीचा आकडा दुसरीखाली दिसेल.

निवडक प्रसंग कोणता, हा खरा प्रश्न. फाइल जतन करताना गणना करणे सर्वांत स्वस्त. पण उपर्युक्त विद्यार्थिनीने गाळलेली फाइल जतनच केली नव्हती, आणि घोटाळा झाला तो तेथेच. दुसरा प्रसंग विश्रांतीचा. लिहिणारा काही काळ थांबला की विम ‘कर्सरहोल्ड’ ही घटना कळवितो (लेखन चालू असतानाच्या अवस्थेत तिचे नाव ‘कर्सरहोल्डआय’). हा काळ ‘अपडेटटाइम’ ह्या पर्यायाने ठरतो व मुळात तो ४,००० मिलिसेकंद, म्हणजे ४ सेकंद, असतो. तो कमी करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तथापि हाच काळ स्वॅप फाइल, म्हणजे आपत्काळासाठीची प्रत, डिस्कवर लिहिण्यासही लागू आहे. तो घटविला की तेही लेखन वारंवार होऊ लागते.

मला स्वतःला विश्रांतीच्या वेळची गणना पसंत आहे, परंतु एका जोडीसह. विम प्रत्येक फाइलीगणिक ‘चेंज्डटिक’ नावाचा एक अंक राखतो. मजकुरात बदल झाला की तो वाढतो. गणनेच्या वेळी हा अंकही टिपून ठेवावा. पट्टीतील सूत्राने टिपलेला अंक व चालू अंक ताडून पाहावेत आणि ते भिन्न असल्यास शब्दसंख्येपुढे ‘जुना’ असे दाखवावे. दोन अंकांची तुलना प्रत्येक कळीमागे केली तरी तिचा भार जाणवत नाही. सूत्र लिहिताना चूक झाली, तर विम तो पर्यायच रिकामा करून टाकतो, नाही तर पट्टी रेखाटणे व चूक होणे ह्यांचे चक्र थांबलेच नसते. नवशिक्यास वाटते की पट्टी हरवली!

ईमॅक्स ह्या दुसऱ्या एडिटरात ह्याच पट्टीला मोड लाइन म्हणतात. तीही चल बदलल्याबरोबर बदलेलच असे नसते. त्यासाठी ‘फोर्स-मोड-लाइन-अपडेट’ हे फलन बोलवावे लागते. तेथील एक प्रथा मात्र लक्षणीय आहे. कर्सरच्या आसपासच्या ओळी सरासरीने फार लांब असल्या (मूळ मर्यादा २०० वर्णांची), तर ईमॅक्स ओळक्रमांक काढण्यात वेळ न दवडता तो दाखवीतच नाही. एकेक परिच्छेद एका ओळीत ठेवलेल्या आपल्या सामग्रीत हे सहज घडते. अशा वेळी तो बिघाड समजून एडिटर पुन्हा उघडण्याचे कारण नाही.