ट्रेसर नुसता बघत नसतो

'ट्रेसर कर्नलमध्ये काय चाललंय ते फक्त बघतो, त्यानं काही बिघडत नाही,' असं बरेच जण धरून चालतात. २००८ साली इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांवर जे ओढवलं, त्यापुढे हा समज टिकत नाही.

लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काहींची ही कार्डं अचानक बंद पडली. मशीन रीस्टार्ट करा, जुना कर्नल टाका, उपयोग शून्य. कार्डावरच्या फ्लॅश मेमरीतला मजकूरच बिघडला होता. सॉफ्टवेअरच्या बगनं हार्डवेअर जात नाही, ही समजूतही त्याबरोबर गेली.

संशय आधी नेटवर्क ड्रायव्हरवर आणि ग्राफिक्सवर गेला. दोष निघाला कर्नलच्याच एफट्रेस या ट्रेसरमध्ये, तोही कुणी ट्रेसिंग सुरू केलेलं नसताना! 'ट्रेसर बंद आहे, म्हणजे त्याचा संबंध नाही' हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. कंपाइलर जवळपास प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी ट्रेसिंगचा एक कॉल घालतो. एक्स८६ वर तो पाच बाइटचा असतो. ट्रेसिंग बंद असताना वेग कमी होऊ नये म्हणून एफट्रेस तेव्हा त्या जागी 'काहीच करू नको' असा आदेश लिहीत असे. म्हणजे बंद ठेवण्यासाठीसुद्धा त्याला चालू कर्नलचा कोड बदलावा लागे.

त्या आवृत्तीत या कॉलचे पत्ते आधी टिपले जात आणि बदल थोड्या वेळानं होई. मधल्या काळात एखाद्या मॉड्यूलचा सुरुवातीचा कोड मेमरीतून काढला जाई आणि त्याच पत्त्यावर कार्डाची फ्लॅश जोडली जाई. तिथं एफट्रेस 'सीएमपीएक्सचेंज' चालवी: अपेक्षित कोड जुळला तरच नवा लिही. जुळला नाही तर काहीच लिहिलं जात नाही, असं वाटतं ना? एक्स८६ प्रोसेसर तेव्हाही वाचलेलं मूल्य परत लिहितो. साध्या मेमरीत त्यानं काही फरक पडत नाही. उपकरणाच्या पत्त्यावर मात्र तो खराखुरा 'राइट' ठरतो.

म्हणून क्रॅशच्या नोंदीत ज्या फंक्शनचं नाव येतं तेच दोषी, असं मानू नये. मेमरी दुसऱ्यानंच बिघडवलेली असू शकते. इथं ड्रायव्हर बळी होता. शोधही सोपा नव्हता, कारण प्रत्येक चाचणीत एक कार्ड जायचा धोका होता.

२.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा कोड बदलणारा भाग बंद केला गेला. पुढे कॉलच्या जागांची यादी कर्नल बांधतानाच तयार होऊ लागली. ई१०००ईच्या ड्रायव्हरनं फ्लॅशला लेखन-संरक्षण त्याआधीच दिलं होतं.