इंग्रजीची उजळणी, मराठीच्या आधाराने

बालाघाटच्या आपल्या घरांतली सहावी-आठवीची मुले सिमिली, मेटाफर घोकत बसतात. त्यांना सांगा, 'वैनगंगा आईसारखी' ही उपमा म्हणजे सिमिली; 'वैनगंगा आमची आईच' हे रूपक म्हणजे मेटाफर.

खरी फसगत प्रयोगात होते. 'मुलीने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. इंग्रजीत मात्र हेच वाक्य अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस! नातवाला मीच पॅसिव्ह सांगितले आणि त्याचे गुण गेले.

मन वळवणारे लेखन म्हणजे कर्जाचा अर्जच. आधी मागणी, मग कारण, आकडे आणि 'फेडणार कसे?' या शंकेचे उत्तर. नुसत्या विनवणीवर मी कर्ज कधी मंजूर केले नाही.