आईचा अंगठा दुखतो म्हणजे नेमकं काय होतं?

लोणच्याच्या बरणीचं झाकण आई आपल्या हातात देते, "उघड रे जरा." चादर पिळताना मध्येच हात झटकते. विहारात पंचांग प्रणाम करताना तळहात जमिनीवर पूर्ण टेकवत नाही. आपण म्हणतो, वय झालं. तीही तेच म्हणते आणि दुसऱ्या दिवशी चार घरची भांडी घासायला निघते.

धुणी-भांडी, झाडलोट, कापूस वेचणी ही कामं आपल्या समाजातील असंख्य बायांनी केली आहेत, अजूनही करतात. या सगळ्या कामांत अंगठ्याला सुट्टी नसते. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी होणारी सांध्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, आपण कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवी.

अंगठा मनगटाला जिथे जोडलेला असतो, तिथला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो. त्यामुळे अंगठा सगळीकडे फिरतो, प्रत्येक बोटाला भेटतो. पण या मोकळेपणाची किंमत आहे. हाडांची पकड सैल असल्यामुळे सांधा जागेवर ठेवायचं काम अस्थिबंध आणि स्नायूंवर येतं. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर या मुळाच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा दाब येतो, असं 1970च्या दशकातील एका अभ्यासात मोजलं गेलं. घट्ट मूठ आवळली तर तो याच्या कितीतरी पट होतो. आता ओली चादर पिळणं डोळ्यांसमोर आणा.

हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते, अस्थिबंध ढिले पडतात. हा त्रास बायकांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, जास्त दिसतो. घराण्यात असेल किंवा हाताला जुनी इजा असेल तर शक्यता वाढते. सगळा दोष कामाचा, असं म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही. पण झिजलेल्या सांध्यावर रोजचं पिळणं-घासणं चालूच राहिलं तर दुखणं वाढतं, हे मात्र खरं.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, स्नायू दिसत नाहीत. म्हणून स्नायूंबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि आम्हाला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. अंगठा तळहाताकडे ओढणारा एक ताकदवान स्नायू असतो. दुखऱ्या हातात तो आखडतो. उलट बाजूने अंगठा बाहेर उघडणारे स्नायू आणि अंगठा व तर्जनीच्या मधला, सांध्याला आधार देणारा स्नायू कमजोर पडतात. दुखतं म्हणून हात कमी वापरला जातो, त्यामुळे स्नायू बारीक होतात, सांधा आणखी डगमगतो आणि पुन्हा दुखतं. हळूहळू अंगठा आणि तर्जनीमधली जागा अरुंद होते. मोठा पेला, कढईचा कान, जाड दांडा पकडता येत नाही. मग वरचा सांधा उलटा वाकवून बाई कसंतरी काम भागवते. अंगठ्याला इंग्रजी झेड अक्षरासारखा बाक येतो आणि मुळाशी हाडाचा कोपरा वर येतो. जोर कमी झाल्यामुळे हातातून वस्तू निसटते आणि त्याबद्दल बोलणीही तिलाच खावी लागतात.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खोलगट झाला असेल आणि सोबत अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दबलेली असू शकते. त्याला कार्पल टनेल म्हणतात. एकाच हाताला दोन्ही त्रास असू शकतात. नस फार दिवस दबून राहिली तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. तिथे तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

सांध्याची झीज भरून काढणारं औषध आज नाही. कोणी तसं सांगून महागडी बाटली विकत असेल तर सावध राहा. पण दुखणं कमी करून हात कामाचा ठेवता येतो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018च्या शिफारशींत कामाची पद्धत बदलणं, व्यायाम आणि अंगठ्याला आधार देणारा पट्टा यांना सुरुवातीचं स्थान आहे. औषधांतही आधी वरून लावायचं वेदनाशामक, गोळ्या नंतर. हे सगळं करूनही भागलं नाही तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

व्यायाम सोपे आहेत. हातात पेला धरल्यासारखा अंगठा आणि बोटांचा गोल कंस करायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा. तळहात टेबलावर पालथा ठेवून तर्जनी अंगठ्याकडे सरकवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तिला हलकेच अडवायचं. अंगठा-तर्जनीमधलं आखडलेलं मांस हळूच दाबून सैल करायचं. दुखेपर्यंत चेंडू दाबत बसणं मात्र नको. त्याने सांध्यावरच भार येतो. शक्य तिथे हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावं.

कामातले बदल याहून जास्त उपयोगी पडतात, आणि अडचणही तिथेच आहे. चादर नळाला अडकवून दोन्ही तळहातांनी पिळता येते. चमच्याच्या, विळीच्या दांड्याला जुनं कापड गुंडाळून तो जाड करता येतो. पण पिळायच्या यंत्रणेचा मॉप मालकिणीने आणायला हवा, आणि तो मागायची हिंमत एकट्या बाईला होत नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया त्या वर्षांत घातला गेला आणि 1948 मध्ये राज्य विमा कायदा झाला. घरकाम करणाऱ्या बहुतेक बाया आजही त्याच्या बाहेर आहेत. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये आला, पण नोंदणी न झालेल्या बाईला मंडळाकडून काही मिळत नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. बायांना दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला सांगा. कोणाचा अंगठा पूर्ण उघडत नाही, कोणाला मुंग्या येतात, ते वहीत लिहा. मुंग्यावाल्या आधी दवाखान्यात, बाकीच्यांना व्यायाम. आणि मंडळाकडे कोणाची नोंदणी राहिली आहे, तेही त्याच वहीत.