जॉयस्टिक बिघडलेली नसते

घरच्या संगणकावर विमान उडवायला बसलेले बरेच जण पहिल्याच आठवड्यात वैतागतात. विमान हवेत डोलत राहतं, धावपट्टीवर एका बाजूला पळतं, चढताना इंजिन मधेच मंदावतं. दोष जातो हातातल्या जॉयस्टिकवर. मग ती परत पाठवायची, नाहीतर दुप्पट किमतीची मागवायची. माझं स्पष्ट मत आहे की यातले बहुतेक पैसे वाया जातात. कंट्रोलर ठीक असतो, त्याची जोडणी अर्धवट राहिलेली असते.

‘वायर लावली, दिवा लागला, झालं काम’ हा यातला सगळ्यात महागात पडणारा समज. आजच्या बहुतेक जॉयस्टिकना विंडोजमध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही, हे खरं. पण विंडोजला कळतं ते एवढंच, की या यंत्राला अमुक इतके अ‍ॅक्सिस आणि तमुक इतकी बटणं आहेत. कोणत्या अ‍ॅक्सिसने नाक वर उचलायचं आणि कोणत्याने इंजिनाची ताकद वाढवायची, हे ठरवतो सिम्युलेटर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ओळखीच्या प्रत्येक यंत्राला आपणहून एक तयार मांडणी देऊन टाकतो. घोळ होतो तो इथे. समजा, तुमच्या जॉयस्टिकच्या बुडाशी थ्रॉटलची छोटी पट्टी आहे आणि तुम्ही शेजारी वेगळा थ्रॉटलही जोडलात. आता दोन्ही यंत्रं एकाच इंजिनाला हुकूम सोडतात. वेगळा थ्रॉटल पूर्ण पुढे असतो, विमान छान चढत असतं, आणि तेवढ्यात जॉयस्टिकवरची ती विसरलेली पट्टी केसभर थरथरते. सिम्युलेटर शेवटी आलेला संदेश खरा धरतो आणि इंजिन पार बसतं. नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरचंही तेच. दांड्याचा पीळ आणि पायातली पेडल दोन्ही रडरला बांधलेली असली, तर विमान धावपट्टीवर नागमोडी जातं. नुसता लावून ठेवलेला एक्सबॉक्सचा गेमपॅडसुद्धा असा उपद्रव देतो.

उपाय फुकट आहे. कंट्रोलच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक यंत्र उघडा आणि एका कामाला एकच अ‍ॅक्सिस ठेवा, बाकीच्या ठिकाणचं बंधन काढून टाका. ही मांडणी स्वतःच्या नावाने जतन करा. मग विमानाच्या बाहेरचं दृश्य लावून दांडा डावीकडे झुकवा. डाव्या पंखाचं एलरॉन वर आणि उजव्याचं खाली गेलं पाहिजे. दांडा मागे ओढला की शेपटीवरचं एलिव्हेटर वर उचललं गेलं पाहिजे. थ्रॉटल पुढे सारल्यावर ताकद कमी होत असेल, तर तो अ‍ॅक्सिस उलटा करायची खूण तिथेच शेजारी असते. खरे वैमानिकही उड्डाणाआधी सगळी नियंत्रणं टोकापासून टोकापर्यंत फिरवून ती मोकळी आहेत ना आणि योग्य दिशेला हलतात ना, हे पाहतातच.

विमान डोलतं तेव्हा ‘सेन्सिटिव्हिटी वाढवा’ किंवा ‘मोठा डेड झोन ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. दोन्ही उपाय बहुधा दुखणं वाढवतात. सेसना १७२ चं योक, म्हणजे वैमानिकासमोरचं चाकासारखं नियंत्रण, वीतभर मागेपुढे सरकतं. टेबलावरची जॉयस्टिक मधल्या जागेपासून जेमतेम वीसेक अंश कलते. वीतभर हालचालीचं काम बोटभर हालचालीत करायचं म्हटल्यावर प्रत्येक हिसका मोठा होणारच. म्हणून मधल्या भागात दांडा मवाळ हवा आणि टोकाकडे पूर्ण ताकदीचा. सिम्युलेटरमधला वक्र त्यासाठीच असतो. वर्गाच्या नियमाने वाकवलेल्या वक्रावर दांडा अर्धा हलवला तर एलिव्हेटर पावच हलतं, पूर्ण हलवला तर पूर्ण. फार वाकवलात, तर मात्र टोकाकडे विमान एकदम उसळी घेतं. त्यामुळे थोडं वाकवा, एक फेरी मारा, मग पुन्हा थोडं. डेड झोन ही वेगळी गोष्ट. मधल्या जागी दांडा आपोआप थरथरत असेल, तर तेवढी थरथर गिळण्यापुरता दोन-तीन टक्के पुरतो. पंधरा टक्के ठेवलात, तर उतरताना दांडा हलतो पण विमान ऐकत नाही, तुम्ही आणखी ओढता आणि नाक भसकन वर जातं.

आता ज्या तक्रारीत जॉयस्टिकचा काडीचाही दोष नसतो ती. ‘सेसना धावपट्टीवर डावीकडेच ओढते, म्हणजे कॅलिब्रेशन गेलं.’ गेलेलं नसतं! सेसनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती गोल फिरत जाऊन शेपटीच्या डाव्या अंगावर आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं आणि नाक डावीकडे वळतं. नाक वर उचलल्यावर खाली येणारं उजवं पातं जास्त ओढ देतं, तेव्हा कल आणखी वाढतो. खऱ्या सेसनातही वैमानिक उड्डाणाच्या वेळी उजवं पेडल दाबून धरतो. तुमच्याकडे पेडल नसतील, तर दांडा थोडा उजवीकडे पिळा. तेही जमत नसेल, तर रडरचं साहाय्य सुरू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

खरंच बिघाड आहे का, हे ठरवायला दोन मिनिटं लागतात. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स’ टाइप करा आणि आपल्या यंत्राचे गुणधर्म उघडा. चौकोनात एक अधिकचं चिन्ह दिसेल. दांडा सोडलात की ते मधोमध यावं, आणि दांडा हळूहळू कलवलात की न अडखळता सरकावं. इथे सगळं सुरळीत असेल, तर चूक सिम्युलेटरच्या मांडणीत आहे. इथेच चिन्ह उड्या मारत असेल, तर यंत्राकडे बघायचं. स्वस्त जॉयस्टिकमध्ये बहुधा पोटेन्शिओमीटर असतो. त्यात एक सरकता स्पर्श पट्टीवर घासत राहतो, पट्टी झिजते, धूळ बसते आणि आकडे उसळू लागतात. थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एमसारख्या दांड्यात हॉल परिणामावर चालणारा सेन्सर असतो. चुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे झीज नाही. जॉयस्टिकवर जास्त पैसे घालायचेच असतील, तर ते इथे घाला, जास्तीच्या बटणांवर नको. आणि उड्डाण चालू असताना यंत्र मधेच गायब होत असेल, तर आधी हब काढून थेट संगणकाच्या पोर्टात जोडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची परवानगी दिलेली असते, तीही काढा.

‘खरा अनुभव हवा तर योकच हवं’ असंही ऐकू येतं. कोणतं विमान उडवता, यावर ते अवलंबून आहे. सेसना १७२ किंवा बोइंग ७३७ साठी योक शोभतं. पण आपल्याकडे इंडिगोच्या तिकिटावर मुंबईहून नागपूरला जाताना बहुतेकदा ज्या जातीच्या विमानात बसतो, त्या एअरबस ए३२० मध्ये योक नसतंच. वैमानिकाच्या बाजूला एक छोटा दांडा असतो, आणि डाव्या खुर्चीतला कॅप्टन तो डाव्या हाताने चालवतो. हात सोडला की दांडा मधे येतो, विमान आहे त्या स्थितीत राहतं आणि ट्रिम (दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणून केलेली जुळवणी) स्वतःच करतं. स्प्रिंगने मधे येणारी तुमची साधी जॉयस्टिक ए३२० च्या फार जवळ जाणारी आहे. सेसनात मात्र ट्रिम तुम्हाला शिकावीच लागते: आधी दांडा धरून नाक हवं तिथे ठेवायचं, मग ट्रिम थोडी थोडी फिरवत दांडा मधे येऊ द्यायचा.

ए३२० चा थ्रॉटल मात्र नीट लावावा लागतो. त्याच्या लिव्हरला ठरलेल्या खाचा असतात, आणि चढाई सुरू झाल्यावर ती ‘क्लाइम्ब’च्या खाचेत आणून ठेवायची असते. तुमच्या थ्रॉटलची ती जागा सिम्युलेटरच्या हिशेबापेक्षा थोडी जरी पुढेमागे असली, तरी विमान ती खाच मानत नाही आणि समोरच्या पडद्यावर ‘एलव्हीआर सीएलबी’ लुकलुकत राहतं. सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायर या गटाने बनवलेल्या मोफत ए३२० मध्ये यासाठी कॉकपिटमधल्या टॅबलेटवर वेगळं कॅलिब्रेशन दिलंय. प्रत्येक खाचेला लिव्हर टेकवून तो आकडा नोंदवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

शेवटचा समज पालकांसाठी. घरी जॉयस्टिकवर घालवलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेलं सिम्युलेटर आणि प्रशिक्षकच लागतो. पण चेकलिस्टची शिस्त, उपकरणं वाचण्याची सवय आणि धावपट्टीभोवती फेरी मारून तिच्यावर उतरण्याचा क्रम घरीही पक्का करता येतो. तुमच्या घरातलं मूल पुढे बारामतीला किंवा गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण घ्यायचं म्हणत असेल, तर त्याच्यासाठी महागडं योक मागवण्याआधी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा आणि आहे त्याच जॉयस्टिकचे अ‍ॅक्सिस त्याच्याकडूनच नीट लावून घ्या.